पहिल्या हाताचं पान

खारघरहून निघालेला टेम्पो नागावच्या वाडीत शिरला तेव्हा त्यात इतकं सामान होतं, की कार्लेखिंडीच्या चढावर म्हणे पुढची दोन्ही चाकं हवेत उठून देवाच्या पाया पडली. असं टेम्पोवाल्या येसाजीचं म्हणणं. "न्हाय पटत तर चाकांना विचारा!"

मागच्या गाडीतून मैथिली उतरली, एक हात कमरेवर, एक पोटाखाली. नववा लागला होता. खारघरच्या घरमालकाला फ्लॅट विकायचा होता. भाडेकरणीचे दिवस भरत आलेत म्हणून थांबायला तो काही तिचा मामा नव्हता. माहेरी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी. नवरा सलिल लॅपटॉप उघडेल तिथे त्याचं ऑफिस. तेव्हा सगळं सोपं होतं, फक्त दवाखाना ठरायचा होता. मैथिलीचं बीपी आठव्यापासून चढत होतं आणि खारघरच्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, "डॉक्टर कधीही हाताशी हवा, रक्त मिळायला हवं, बाळासाठी काचेची पेटी हवी. बाकी काही बघू नका."

पण बाकीचंच बघायला सलिलचे वडील होते ना. भाऊ. निवृत्त हेडमास्तर, माडा-पोफळीच्या वाडीचे मालक, पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांचे यजमान आणि पंचक्रोशीतले पहिल्या नंबरचे थापाडे. पर्यटकांना सोलकढीबरोबर ते एक गोष्ट फुकट वाढायचे. "मी जन्मलो त्या दिवशी असं वादळ, की आमचे नारळ उडाले ते थेट मस्कतला जाऊन पडले! त्यात राही सुईण आली, आणि मला पहिल्यांदा हातात घेतलं तिनं. मग बारशाला तिचं पान कुठे? माजघरात, माझ्या आज्याच्या पानाला लागून! ज्याच्या हातात मूल पहिल्यांदा येईल, त्याला पहिल्या हाताचं पान. आमच्या घराण्याची रीत आहे ती."

श्रोते मुंबईचे असले की राही खाडी पोहून यायची. पुण्याचे असले की माडावरून माडावर उड्या मारत. पान मात्र दर वेळी आज्याच्या शेजारीच. सलिल हे ऐकतच लहानाचा मोठा झालेला. त्याला त्या रीतीचा अभिमान होता.

अलिबागला डॉक्टरीणबाईंच्या तिन्ही अटी पुऱ्या करणारं प्रसूतिगृह होतं. पाटीवर नुसतंच 'डॉ. क्रांती'. आडनाव नाही. भाऊंच्या घशात काटा अडकला तो इथे. चार दिवस त्यांनी फोन फिरवले. समुद्राच्या तळाशी झोपलेल्या माशालाही त्यांनी वर बोलावून विचारलं असतं, पण मासे आडनाव लावत नाहीत. अखेर तपासणीच्या दिवशी ते स्वतःच बरोबर निघाले.

"मूळ गाव कुठलं म्हणायचं?" भाऊंनी गळ टाकला.

"रोह्याकडचं."

"वा वा! रोह्याचे पुष्कळ विद्यार्थी होते माझे. वडील काय करायचे? आणि आईचं माहेर?"

डॉक्टरांनी मैथिलीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पंचेचाळिशीच्या असतील, चष्मा कपाळावर चढवलेला. आवाज चढला नाही. "काका, लोकांना जे विचारायचं असतं ते साधारण पाचव्या प्रश्नाला येतं. आपण एकदम तिथेच जाऊ या, पेशंट खोळंबलीय. आम्ही बौद्ध. आता जरा शांत बसा, मला बाळाचे ठोके ऐकायचेत."

सलिलचे कान तापले. भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे तो असा बघत राहिला, जणू ते बाळच काहीतरी बोलून सगळ्यांना सोडवणार होतं.

तपासणी संपली. भाऊ उठले. "बरं आहे, घरी विचार करून कळवतो. आपल्यातले एक डॉक्टर आहेत पलीकडच्या गावात, जुने, हाताला यश आहे. चल सलिल."

सलिल उठला. म्हणजे निम्मा उठला. त्याचं डोकं म्हणत होतं बस, पण पाय भाऊंचे विद्यार्थी होते.

"मी विचार केलाय," मैथिली खुर्चीतून हललीसुद्धा नाही. "त्यांच्याकडे पेटी नाही आणि सर्जन पनवेलहून बोलवावा लागतो. मी फोन करून विचारलंय. मी इथेच नाव घालतेय. तुम्ही दोघं बाहेर जाऊन शहाळं प्या."

डॉक्टरांनी सलिलकडे पाहिलं. तो अजून तसाच होता, अर्धा वाकलेला, धड ना बसलेला, धड ना उभा. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिच्यात ओळख होती. असे नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

घरी भाऊ ओटीवर येरझाऱ्या घालू लागले. "माझा काही विरोध नाही हो. मी काय जुन्या वळणाचा आहे? पण उद्या बारशाला पान कुठे मांडायचं तिचं? माजघरात? भावकी काय म्हणेल?"

"बघू," सलिल म्हणाला.

मराठी माणसाने आजवर जेवढी पापं केली, त्यातली निम्मी त्याने या एका शब्दाच्या आडोशाला बसून केली आहेत.

कळा आल्या त्या शनिवारी भर दुपारी, नागावचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबलेला असताना. मैथिलीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, डोकं फुटत होतं. अलिबागला पोचल्यावर डॉक्टरांनी जेवणाचा डबा उघडा टाकून तिला आत घेतलं. मुलगी झाली. रडायला तिने वेळ लावला. तेवढ्या वेळात सलिलने माहीत असलेले सगळे देव आणि ऐनवेळी बनवलेले दोन-चार नवे आळवले. मग काचेची पेटी. मग, काही दिवसांनी, दोघी सुखरूप घरी.

पलीकडच्या गावचे 'आपल्यातले' डॉक्टर त्या शनिवारी लग्नाला गेले होते. हे भाऊंनाही कळलं. त्यावर त्यांनी गोष्ट रचली नाही.

मूल पेटीत होतं म्हणून बारसं महिन्याने केलं. सकाळी भाऊंनी सलिलला हाक मारली. चेहरा प्रसन्न, तोड सापडलेली. "अरे, डॉक्टरांना खाली पाटावर बसवायचं म्हणजे त्रास. शिकलेली बाई. बाहेर मांडवात टेबल मांड. पर्यटकांचं नको, आपलं चांगलं. चादर घाल, बाटलीतलं पाणी ठेव. खास सोय!"

सलिलला सगळं समजलं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतंच. तरीही त्याने टेबल उचललं, बाहेर नेलं, चादरीची सुरकुती हाताने साफ केली. एक खुर्ची. एक केळीचं पान. पानावर वालाचं बिरडं, अळूची भाजी, मोदक.

डॉक्टर आल्या. पाळण्यात झबलं ठेवलं, बाळाच्या तळव्याला बोट लावलं. बाळाने ते घट्ट धरलं. मग भाऊ पुढे झाले, "या, या, तुमची खास व्यवस्था बाहेर."

डॉक्टर मांडवात आल्या. आत माजघरात पाटांची ओळ दिसत होती. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"एकच खुर्ची?"

सलिलच्या हातात आमटीची वाटी होती. तीही त्याच्यासारखीच काठोकाठ भरलेली आणि मुकी.

"एकटीनं जेवायची मला सवय आहे, काका. दवाखान्यात रोजच जेवते," डॉक्टर हसल्या. "पण बारशाला नको. बाळाला आठवड्याने वजनाला आणा." आणि त्या गेल्या.

"बघा! आम्ही एवढा मान दिला, आणि..." भाऊंनी सुरुवात केली. "आमच्याकडे राहीचं पान आज्याच्या शेजारी..."

"गोठ्यामागे," सलिलची आई, अनुसूयाबाई, म्हणाल्या.

भाऊ वळले.

अनुसूयाबाईंनी हातातलं तूप खाली ठेवलं. "राहीचं पान गोठ्यामागे मांडायचे. फणसाखाली. मला सासूबाईंनी जागा दाखवली होती, माझ्या बाळंतपणाच्या वेळी. सलिलला पहिल्यांदा राहीच्याच सुनेनं घेतलं. तिचंही पान तिथंच मांडलं. मीच मांडलं." मग त्या हळूच म्हणाल्या, "निदान तेव्हा खास सोय म्हणत नव्हते."

मैथिली बाळ घेऊन बाहेर आली आणि त्या एकाच खुर्चीत बसली. अनुसूयाबाई आपला पाट उचलून तिच्या शेजारी येऊन टेकल्या. भाऊ माजघरात भावकीच्या ओळीत जाऊन बसले, घरचे म्हणून एकटेच, पुढ्यात पान, आणि तोंडात आयुष्यात पहिल्यांदा एकही गोष्ट नाही.

सलिलने वाटी ठेवली. गाडी काढून तो अलिबागला गेला. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसला. आत एक बाई अडली होती. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा तो उठला, या वेळी पुरता.

"टेबल मीच मांडलं," तो म्हणाला. "मला कळत होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. म्हणूनच जास्त लागलं." हात धुवायला त्या आत वळल्या. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत.

परतताना त्याला लेक दिसत राहिली. पाच-सहा वर्षांनी ती मांडीवर बसून विचारेल, मला पहिल्यांदा कोणी घेतलं? वादळ कितीही मोठं करता येईल, डॉक्टरांना खाडीही पोहायला लावता येईल. मुलांना ते आवडतं. पण मग ती विचारेल, त्यांचं पान कुठे मांडलं होतं?

आणि त्याला सांगावं लागेल, बाहेर. तुझ्या बाबानं.