थेट विमान अकरा तासांचं

माझ्या थोरल्या भावाने विमान कंपनीच्या सोनेरी कार्डावर जेवढा जीव लावलाय, तेवढा बायकोवरही लावला नसेल. वर्षाकाठी ठरावीक मैल विमानाने हिंडलं की ते कार्ड टिकतं. मग विमानतळावर वेगळी रांग, गुबगुबीत खुर्ची आणि फुकटचं खाणं. त्याच्या तोंडून हे कौतुक ऐकताना मला नेहमीच मळमळतं.

बाबांनी अन्न सोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. मी तिकिटांच्याच धंद्यात. त्याच दुपारी परदेशातल्या दादासाठी थेट विमानाची जागा काढली. अकरा तासांचा प्रवास, सकाळी इथे हजर. फोनवर त्याने मला शाबासकीही दिली. बाबांना सांगितलं, तर कधीपासून मिटलेले डोळे त्यांनी उघडले.

सकाळी विमान उतरलं. दादा आला नाही, फोनही बंद. बाबा दाराकडे बघत पुन्हा पुन्हा विचारत होते, "कुठवर आला?" मी सांगत राहिले, सामान घेतोय, टॅक्सी मिळाली, पुलावर गर्दी आहे. मरणाऱ्या माणसाला थापा मारायची पाळी आली माझ्यावर.

शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीला त्याचं तिकीट बघायला सांगितलं. थेट विमानातली जागा त्याने स्वतःच रद्द केली होती. त्याऐवजी आधी उलट्या दिशेला, मग दोन ठिकाणी विमान बदलून, असा द्राविडी प्राणायाम. अंतर दुपटीहून जास्त. कार्डाची मुदत संपत आली होती आणि साहेबांना मैल कमी पडत होते. बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि हा मैल मोजतोय! फोन ठेवला आणि परत बाबांजवळ जाऊन बसले.

संध्याकाळी बाबांनी विचारायचं थांबवलं. थोड्या वेळाने श्वासही थांबला.

दादा दुसऱ्या दिवशी उगवला. मावशी त्याच्या गळ्यात पडून रडली. "किती लांबून आलाय बिचारा," असं म्हणत तिने मला त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितलं. शेजारीही तेच बोलले. जवळचा हाडं झिजवतो, त्याचं कोणाला काय! लांबच्याची नुसती बॅग दिसली तरी लोकांना उमाळे येतात. मी जागची हलले नाही.

दादाने डोळे पुसले आणि मावशीला सांगू लागला की थेट विमानात जागाच नव्हती.

"जागा मी काढली होती," मी म्हणाले. "कार्डासाठी तू ती सोडलीस."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो फरशीकडे बघत पुटपुटला, "मला वाटलं, बाबा थांबतील."

"थांबले होते की. तू सोडलेलं विमान उतरल्यापासून संध्याकाळपर्यंत थांबले होते."