माह्या बोटानं चालंल तोच रिमोट

चार रिमोट होते घरात. टीव्हीचा एक, डिशचा एक, आवाजाच्या डब्ब्याचा एक, अन् चौथा कायचा होय ते आमच्या सूरजलेच माहीत. पोरगा नागपूरले नोकरीवर, त्यानंच एवढा मोठा टीव्ही पाठवला. माह्याकडून एक बटन चुकलं का पडदा निळा. मंग आमचे हे चौकातून आठ वाजता येतपर्यंत त्या निळ्याकडे पाहत बसा. माही मालिका सातची! सहा महिने मी ते शेजारच्या सुलोचनाबाईच्या तोंडूनच ऐकली.

म्हणून मीच हट्ट धरला. सगळ्याचा मिळून एकच रिमोट घ्याचा, अन् तो मले चालवता आला पाह्यजे.

आर्वीले दुकानात गेलो. दुकानदार रजत. त्यानं काचेचा रिमोट काढला, मोबाईलवानी चिकना. "काकू, यात सगळं बसवता येते. एका चित्रावर बोट ठेवलं का टीव्ही, डिश, आवाज, सगळं संगच सुरू."

ह्यायनं बोट ठेवलं. झालं सुरू. मी ठेवलं. कायचं काय! पुन्हा ठेवलं, दाबलं, घासलं. ढिम्म.

"पुसून पाहा," रजत म्हणे. पुसलं. "जरासं ओलं करा." केलं. नाई म्हणजे नाई.

"जाऊ दे नं," हे म्हणाले, "मी लावून देत जाईन तुले."

रजतही हासला. "हो काकू, घरी काका हायतच."

माह्यं डोस्कंच सणकलं. "काका हायत, माहीत हाय मले! काकाची वाट पाहा लागते म्हणून तं आली मी इथं!"

दुकानातले दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागले. "अवं, हळू बोल," हे म्हणे, "लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या!" मी ह्यायचा हात धरून काउंटरवर ठेवला, बाजूले माहा. त्यायचं बोट साफ, गुळगुळीत. माह्यं भेंडी तोडून तोडून चिरलेलं, टाचेवानी टणक. "पाह्य बाबू. वावर दोघायचं, माळवं दोघायचं. हे बजारात काटा धरतात, खुरपं माह्या हाती. ह्यायचं बोट चालते, काऊन का त्यानं कधी निंदण केलं नाई. मंग काम केलेल्या बोटानं टीव्ही नाई लावाचा का?"

हे आपल्या बोटाकडे पाहत राह्यले.

रजत खाली वाकला, मागच्या खणातून एक जाडजूड रिमोट काढला. "जुना माल हाय काकू. पडदाच हाय, पण दाबाचा. हा कातडी नाई पाहत, जोर पाहते."

जोर म्हटल्यावर काय! दाबलं, तं दुकानभर आवाज.

"विटेवानी दिसते हा," हे कुरकुरले. "पाहुणे हासतील."

"हासू द्या पाहुण्यायले. रजत, पह्यल्या पानावर सातची मालिका बसव. ह्यायचं क्रिकेट मांगच्या पानावर टाक."

त्या दिवशी सात वाजता मी घरी एकटीच होती. अंगठा दाबला. सगळं संगच सुरू झालं, अन् मले रडूच आलं बापा! एवढ्याशासाठी पन्नाशी गाठा लागली. तेवढ्यात चौकातून ह्यायचा फोन. "येऊ का लावून द्याले?"

म्हटलं, "बसा निवांत."