उजव्या जांघेतली ठणक

हरणाबाईला आधी जाळाचा वास आला. भर दुपारी मेंढरांच्या वाघरीमागं, जाळीच्या कुंपणाआड, कुणाला शेकोटी सुचलीय म्हणून ती बघायला गेली, तर दीर जोतीराम विळा तापवत बसलेला आणि तिचा नवरा आप्पासो धोतर सारून, उजवा खुबा वर करून आडवा पडलेला. लंगड्या मेंढराला डागतात तसं त्याला डागायचं चाललं होतं.

याच माणसाच्या उजव्या ओटीपोटात सांगलीच्या डॉक्टरांनी तिची किडनी बसवली होती. साधा काटा मोडला तरी दाखवायला या, जखम चिघळली तर जिवावर बेतेल, असं बजावून सांगितलेलं. आणि हे शहाणे कातडं जाळून घ्यायला निघालेले.

"माज्या किडनीच्या उशाला डाग देतायसा व्हय? आदी मला डागा," म्हणत ती दोघांच्या मधे बसली. जोतीरामनं विळा मातीत खुपसला.

आप्पासो बरेच दिवस लंगडत होता. विचारलं की पाय मुरगळलाय म्हणायचा. आता खाली बघत बोलला, "जांघंत लय ठणकतंय. तुजी किडनी बिघडली आसं वाटलं. कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

तिनं त्याला मिळेल त्या जीपमध्ये घातलं आणि माणपासून सांगलीपर्यंत त्याची पावलं अंगठ्यानं दाबून सूज बघत राहिली.

दवाखान्यात रक्त, लघवी तपासली, मोठ्या मशीनमध्ये घालून खुब्याचे फोटो काढले. बाहेर बाकावर तिचं एकच चाललेलं, बिरोबा, दिलेलं माघारी नेऊ नको.

डॉक्टर भार्गवीबाईंनी दोघांना आत बोलावलं.

"किडनी झकास आहे. खुब्याच्या हाडाचा गोळा वाळतोय. किडनी टिकावी म्हणून तुम्ही घेता त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कधीकधी हाडाला रक्त पोचत नाही. पण गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, नाहीतर किडनी जाईल. खुबा मात्र ऑपरेशन करून बदलावा लागेल."

आप्पासोनं विचारलं, "म्हंजी बिघडलंय ते माजंच न्हवं? हिचं न्हाई?"

"तुमचंच."

तसा तो खुर्चीत सैल झाला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. "मग कापा की, बाई. त्येचं काय यवडं."

इतका वेळ दातावर दात धरून बसलेली हरणाबाई तेव्हा कुठं रडली. त्याचा दंड गच्च धरून म्हणाली, "आवं, तुमचं हाड माजं न्हाई व्हय?"