पोटातला ‘ळ’

मित्रांनो, जरा सावरून बसा. मी जे सांगणार आहे ते ओठांवर यायला मला चाळीस वर्षे लागली आहेत.

मी एक जुनी अक्षरपेटी आहे. एका सुताराने आपल्या दोन मुलांसाठी मला घडवले. अंग शिसवीचे, कोपरे पितळी, प्रत्येक अक्षराला वेगळा खण आणि तळाशी हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. इतर अक्षरांच्या त्याने दोन-दोन सोंगट्या केल्या, ‘ळ’ची मात्र एकच. “ळ-ने कुठला शब्द सुरू होतो? एक पुरे,” तो म्हणाला. पाहुणे आले की माझे झाकण उघडून कौतुक होई, आणि मी मनात फुगत असे.

एके दिवशी ‘ळ’ दिसेना. मला शेवटचा हात लावला होता थोरल्या मुलीने. वय वर्षे सात. सुताराने तिचे दप्तर उपडे केले, खिसे उलटे केले.

“यापुढे या पेटीला हात लावायचा नाही!”

“मी नाही हरवला” असे ती तीनदा म्हणाली. चौथ्यांदा मान खाली घालून पुटपुटली, “हरवला असेल माझ्याकडून.”

मित्रांनो, ‘ळ’ माझ्याच पोटात होता. बनातीची कड सुटली होती आणि तो तिच्याखाली सरकून बसला होता. वस्तूंना वाचा नसते, ही सबब पुढे करण्याइतकी मी कोडगी नाही. सुताराने मला उलटी करून झटकले, तेव्हा अंग सैल सोडले असते तर तो खळकन खाली पडला असता. मी अंग आवळून धरले. पुढे लोक म्हणत, “पेटी किती सुबक! पोरीने खोट आणली.” ते मला गोड लागे.

सुतार गेला. मी कपाटावर धूळ खात पडले. त्या मुलीने मला पुन्हा कधीही स्पर्श केला नाही.

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाच्या लेकीने मला खाली काढले. तिच्या खेळात एकाने सूत्रधार व्हायचे आणि बाकीच्यांनी सोंगे घेऊन त्याने रचलेल्या जादूच्या राज्यातून वाट काढायची. सूत्रधार ती, योद्धा तिचे वडील, आणि चेटकीण पाहुणी आलेली आत्या. तीच ती थोरली.

“चेटकीण तर तू जन्मापासूनच आहेस, ताई.”

“आणि तू बिनडोक योद्धा. तुलाही सोंग घ्यायला नको.”

खेळात योद्धा आणि चेटकीण एका विहिरीत अडकले होते आणि पाणी चढत होते. बाहेर पडायच्या दारावर दोन ओळी होत्या:

*तहानलेल्या वाटसरा, वाकून पाण्यात पाहा;*
*दोर जिथे पुरत नाही, तिथेच दाराचे मूळ.*

“यात एक शब्द लपलाय,” सूत्रधार म्हणाली. “बोललेलं दाराला ऐकू येत नाही. सोंगट्यांनी लिहायचा. या घड्याळातली वाळू संपली की बुडालात!”

आत्याने चष्मा वर सरकवला. “ओळींचं पहिलं अक्षर त, शेवटचं ळ. तळ! विहिरीचा तळ.” आनंदाने तिचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

“ळ नाहीये त्यात. मी हरवला होता लहानपणी.”

मित्रांनो, ती आता स्वतःच तसे मानत होती. त्या क्षणी मला वाळवी लागती तर बरे, असे वाटले.

“ल लाव की,” भाऊ म्हणाला. “तल. चालतंय.”

“बाबा, तलनं दार उघडत नसतं!” लेक मला उचलून डोळ्यांजवळ नेत म्हणाली. “आत्या, शब्दच सांगतोय ना? तळ बघू या.”

तिने बनातीची कड उचलली. या वेळी मी अंग सैल सोडले. ‘ळ’ टेबलावर पडला.

वाळू संपून गेली. आत्याने सोंगटी पदराने पुसली, ‘त’शेजारी ठेवली आणि भावाकडे पाहिले. “नव्हता रे हरवला मी.”



“दार उघडलं,” लेक हळूच म्हणाली. “आता ठेव ना तो जागेवर.”

“नको गं. पुन्हा गिळेल ती.” आत्याने ‘ळ’ पर्समध्ये टाकला.

मित्रांनो, घरात काही हरवले तर लेकरांचे खिसे उलटे करण्याआधी माझ्यासारख्या मानाच्या वस्तूंचे तळ पाहा. आणि एवढे करा: मला पुसा, बनात चिकटवा, पण ‘ळ’चा खण भरू नका. झाकण उघडणाऱ्या प्रत्येकाला तो रिकामा दिसू दे.