उजवा प्रसाद

पेडण्यात स्कूटरचा विमा विकायला अक्कल लागत नाही. पोलीसच आमचा प्रचार करतात. पण जिवाचा विमा? यम कुठे कागद बघायला थांबवतो! म्हणून माझ्या ऑफिसात गाड्यांचं टेबल कोमल आरामात सांभाळते आणि माणसांच्या टेबलावर कोणी टिकत नाही. तिथे नव्याने बसलेल्या सुविधाला मी बजावलंच होतं, या महिन्यात एक तरी पॉलिसी आण, नाहीतर दुसरीकडे बघ. पोर चांगली होती, म्हणून राग जास्त.

शेवटी तिला इब्रामपूरचे काजूवाले सगुणकाका सापडले. त्यांना सगळं पटलं, पण सहीआधी देवाला विचारीन म्हणाले. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो की म्हैस, मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून प्रसाद घेतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. सुविधाने देव पाण्यात घातले.

पाकळी उजवी पडल्याचा निरोप आला. कोमलने पेढे आणले. सगुणकाका मात्र फिरकलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांची बायको भाग्यलक्ष्मी त्यांना दंडाला धरून घेऊन आली. भर उन्हात काकांनी कानटोपी घातली होती.

"माझो घोव बरो होतो!" ती कडाडली. "देवान विमो घे म्हणान सांगल्यान, तसो अंथरूण धरून बसलो हा. म्हणता, देवाक म्हायत आसा, मी आता मरतलंय!"

मी कपाळावर हात मारला. डावी पडली तर पॉलिसी जाणार, उजवी पडली तर गिऱ्हाईक! मी काही बोलायच्या आत सुविधा उठली.

"काका, पॉलिसी किती वर्सांची?"

"वीस," काका कण्हले.

"हप्ते कोण भरतलो?"

"मीच."

"मगे? मेललो माणूस हप्ते भरता? देवान तुमका वीस वर्सां भर म्हणान सांगल्यान!"

काका विचारात पडले. मग त्यांनी कानटोपी काढली आणि पेन मागितलं. पोरीची नोकरी वाचली, आणि खोटं कशाला बोलू, तिच्याहून मलाच बरं वाटलं.

तेवढ्यात भाग्यलक्ष्मीने नवऱ्याचा हात धरला.

"वीसच कित्या गो? तीसची नाय?"

"आसा काकी. पण तीस वर्सां हप्ते भरूचे पडतले."

तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"भरांदे," ती म्हणाली. "तीस वर्सां भरांदे."