मास्तरांच्या अंगठ्यातल्या सुया

खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

एका टेलरमास्तरांच्या पायाचा अंगठा एके पहाटे असा सुजला, की चादरीचं टोक लागलं तरी म्हातारा कळवळायचा. जन्मभर त्याच पायानं मशीन चालवलेलं. मास्तरांनी निदान करून टाकलं: तुटकी सुई आत घुसलीय. नीट झाडत नाहीस म्हणून बायकोला बोलले. मग सांडलेल्या सुया गोळा करायचं लोहचुंबक अंगठ्यावरून फिरवत बसले. काही येईना. खोल गेलीय म्हणाले, आणि शिवण उसवायचं पातं गॅसवर तापवायला घेतलं.

बायकोनं ते हातातून काढून घेतलं. "अहो, पाय आहे तो, पायजमा नाही."

तसंच उचलून दवाखान्यात नेलं. रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. मास्तरांना पटेना. सुई काढा, नाहीतर मी घरी जाऊन पात्यानं काढतो, हेच पालुपद. डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. सांध्यातून थेंबभर पाणी काढलं, काचेवर ठेवलं आणि मायक्रोस्कोप त्यांच्यापुढे सरकवला.

मास्तर बघतच राहिले. गुलाबी-जांभळ्या आभाळात सुयाच सुया. काही पिवळ्याधमक, काही निळ्याशार. बाईंनी काच काटकोनात फिरवली, तशा पिवळ्या निळ्या झाल्या नि निळ्या पिवळ्या. प्रत्येकीला बारीकसं नेढं, दोरा ओवून घ्यावा असं.

"म्हटलं होतं ना मी," मास्तर हळूच म्हणाले. "पण एवढ्या? केल्या कुणी?"

"तुम्हीच. रक्तात हे ॲसिड जास्त झालं की सांध्यात असं गोठतं. आणि ते पायाशीच थांबत नाही, मास्तर. किडनीत खडे होतात, या वयात किडनी थकते. पातं लावलं असतंत तर जखम चिघळली असती आणि सुया आतच राहिल्या असत्या."

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. इतकी बारीक सुई जन्मात बघितली नाही म्हणाले. मग विचारलं, "विरघळतील?"

"गोळ्या रोज घेतल्यात, पाणी भरपूर प्यालात, तर हळूहळू."

आता मशीनशेजारी पाण्याची बाटली असते. गोळी चुकत नाही. पातं फक्त कापडाला लागतं. आणि दोरा ओवता ओवता मास्तर मधेच थांबतात, आपल्या अंगठ्याकडे बघतात, एखाद्या थोर कारागिराकडे बघावं तसं.

बरं, ते नेढ्याचं तेवढं माझ्या पदरचं.