दोन अंगठ्यांचा रंधा

पाठ.

मांजरसुंब्याच्या चौकात, धाब्याच्या मागं शंकरप्पाचं जुन्या सामानाचं दुकान. सिदू सुतार शॉक लागून गेला, आणि भावानं त्याची हत्यारं इथं आणून विकली. उज्ज्वला त्याची बायको. तिला रंधा परत हवा होता. बाकी काही नको. रडायला अजून आलंच नव्हतं.

फळीवर रंधेच रंधे. पातं बोथट होऊ नये म्हणून सुतार रंधा उभा ठेवत नाही, निजवतो. हे सगळे डाव्या कुशीवर. सगळे पॉलिश मारून चकचकीत.

खाच.

"ह्यो आमचा, अप्पा."

"त्यो सोडून कंचाबी घ्या. पुण्याचा सायब न्यायला येनार हाय."

"कावून त्योच?"

"अंगठ्याच्या खाचा बगा. डावीकडं एक, उजवीकडं एक. असा कुठंच न्हाई. सायब म्हनला, दोघांनी मिळून ढकलायचा रंधा."

"इतभर लाकडाला दोघं कुठून धरतेत ओ?"

शंकरप्पा हसला. ती हसली नाही.

"डावी खाच मामंजींची. आसारामबुवांची. उजव्या हातानं धरला की अंगठा डावीकडं येतो. हे डावखुरे, म्हनून ह्यांनी उजवी कोरली."

"सायबापरीस भारी सांगता तुमी. पर बाई, इथं येनारा हरेक म्हनतो, ह्यो आमचा."

तळ.

तिनं रंधा उचलून तळावर हात फिरवला. गुळगुळीत. गार. काही वाटायला हवं होतं.

कूस.

तिनं रंधा फळीवर ठेवला.

"उलटा ठिवला की."

तिनं पाहिलं. बाकीचे सगळे डाव्या कुशीवर. हा उजव्या. तिचा हातच तसा गेला होता.

"त्यांच्या हातानं असाच निजायचा. मी झाडताना उचलायची, परत असाच ठिवायची. सरळ ठिवला तर वरडायचे."

शंकरप्पानं कपाळावरचं भस्म खाजवलं. एकदा फळीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग जुना पेपर ओढून रंधा गुंडाळला.

"घिऊन जा. सायबाला काय सांगू?"

"दोघांचाच होता म्हनावं."

पुन्हा कूस.

घरी. दसरा लांब होता. तरी तिनं रंधा उजव्या कुशीवर निजवला आणि वर आलेल्या अंगाला, दर दसऱ्याला लावायची तिथंच, कुंकवाचं बोट टेकवलं.

पॉलिशवर कुंकू बसेना. फरशीवर सांडलं. पुन्हा लावलं. पुन्हा सांडलं.

कोनाड्यात सिदूच्या सँडपेपरचा तुकडा होता. तो घेऊन ती घासायला बसली.